धाकटीच्या पावलांनी तिरुवनंतपुरम

मुलाबाळांसह सहलीला निघायचे ठरले की आमच्या दांडिया बाजारातल्या घरात सामानाच्या आधी एक वही बाहेर येते. वही कसली, लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडीच ती. दर दिवाळीला पूजेसाठी दोन आणायच्या आणि एक कोरी उरायची, ती मी प्रवासाला लावली. उभी नोकरी जमाखर्चात गेल्यामुळे कोरे पान मला पाहवत नाही. डावीकडे वेळ, मध्ये स्थळ, उजवीकडे खर्च आणि कडेला खूण करण्यासाठी चौकोन. चाळीस वर्षे मी कुटुंबाला या चोपडीच्या हुकमतीखाली हिंडवले आणि तिला कोणी नाव ठेवले नाही. निदान तोंडावर तरी नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही चेन्नईला गेलो होतो. त्या दिवशीच्या पानावर सात स्थळे होती. पाचव्या स्थळाच्या पायऱ्या चढताना माझी नात, तेव्हा पाच वर्षांची, एकाएकी खाली बसली. तिला पाणी पाजायला गेलो तो तिची मान कलली. तोंड लालबुंद, ओठ कोरडे. तास-दोन तास डॉक्टरांकडे ठेवावे लागले. ऊन बाधले होते आणि अंगातले पाणी कमी झाले होते. आणखी काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. ‘आणखी काही नाही’ हे शब्द ऐकताना माझी सूनबाई माझ्याकडे पाहत नव्हती. तिने मला एका अक्षराने बोल लावला नाही. परतीच्या गाडीतही नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे मला त्या दीड दिवसात कितीदा तरी वाटले.

घरी आल्यावर चोपडी उघडली. सात ओळी, पाच खुणा. पाचवी खूण मी पायऱ्या चढण्यापूर्वीच करून ठेवली होती!

त्यानंतर दोन वर्षे सहलीचा विषय घरात निघाला नाही. गेल्या पावसाळ्यात नातवाने तो काढला. “आजोबा, या दिवाळीत कुठं जायचं?” सगळे गप्प. मग सूनबाई भाजी चिरता चिरता म्हणाली, “जाऊ या. पण बाबा, या खेपेला वही आधी मी पाहीन.”

मला त्या वाक्याचा राग आला नाही. जामीन मिळालेल्या माणसाला जसे वाटत असेल तसे वाटले.

जायचे कुठे, याचे उत्तर माझ्याजवळ पुष्कळ वर्षांपासून तयार होते. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत सर टी. माधवरावांचे नाव न ऐकलेला म्हातारा सापडणार नाही. कुंभकोणम येथे १८२८ साली जन्मलेला हा तंजावरी मराठी गृहस्थ आधी त्रावणकोरचा दिवाण होता, मग १८७३ ते ७५ इंदूरचा आणि तेथून १८७५ साली बडोद्याचा. सयाजीराव महाराज अल्पवयीन होते त्या काळात राज्याची घडी त्याने बसवली. आपले कमाटीबाग १८७९ सालचे, त्याच कारकिर्दीतले. महाराजांना १८८१ साली अधिकार मिळाले, त्या सोहळ्याच्या निमित्ताने राजा रविवर्मा येथे आला, तोही माधवरावांच्या ओळखीने. पुढे त्याने लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रे काढली. आपण ज्या नळ-दमयंतीला आणि विश्वामित्र-मेनकेला लहानपणापासून घरच्या माणसांसारखे ओळखतो, त्यांचा चितारी त्या मुलखातला. आणखी एक गंमत. ज्या चिझम साहेबाने आपल्या कॉलेजचा घुमट उभारला आणि अपुरा राहिलेला लक्ष्मीविलास पुरा केला, त्यानेच तिरुवनंतपुरमचे नेपियर संग्रहालय बांधले. ते १८८० साली पुरे झाले.

तेव्हा जी वाट दिवाण, चितारी आणि शिल्पी चालून आले, ती एकदा उलट चालावी, ही माझी जुनी हौस. मी तेवढ्याच उत्साहाने ती सूनबाईला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तिथली हवा कशी आहे?”

प्रश्न बरोबर होता आणि चेन्नईला निघताना तो मी विचारला नव्हता.

आपण बडोदेकरांना उन्हाचा फार अभिमान. मे महिन्यात बेचाळीस अंश सोसणाऱ्याला बत्तीस अंशांचे काय भय, असे वाटते. तिथेच चूक होते. आपले ऊन कोरडे. घाम येतो तसा वाळतो आणि वाळताना अंग गार करून जातो. समुद्राकाठच्या उष्ण मुलखात हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. घाम सुटतो पण वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. पारा दहा अंशांनी खाली असूनही माणूस लवकर थकतो. लहान मूल तर मोठ्यापेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात आपल्याला तहान लागली आहे हे त्याला समजत नाही. ‘पाणी हवं का?’ असे विचारून भागत नाही. पेला हातात द्यावा लागतो.

तिरुवनंतपुरम विषुववृत्तापासून साडेआठ अंशांवर. आपल्यासारखा हिवाळा तिथे नाही. दोन पावसाळे मात्र आहेत. नैर्ऋत्येचा पाऊस केरळात जूनच्या आरंभी उतरतो; दुसरा, ईशान्येचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याला तिकडे तुलावर्षम म्हणतात. म्हणजे आपली दिवाळीची सुटी ऐन दुसऱ्या पावसात. मी ते ऐकून हिरमुसलो. पण या पावसाचा एक स्वभाव आहे. पुष्कळदा सकाळ लख्ख असते, दुपारी ढग जमतात आणि मेघगर्जनेसह सर येऊन जाते. सूनबाई म्हणाली, “मग बरंच आहे की. दुपारी कुठं जाता येणार नाही म्हणजे मुलं झोपतील.” नाताळात हवा अधिक चांगली खरी, पण शबरीमलेच्या यात्रेमुळे गाड्यांना गर्दी आणि मुलांना सुटी कमी. भाऊबीज आटोपली की निघायचे, असे ठरले.

मग चोपडीचे नवे पान उघडले. त्यावर या खेपेस माझा हात चालू दिला गेला नाही. घरात माणसे सहा. प्रत्येकाने एकच मागणी सांगायची, असा सूनबाईचा कायदा. अकरा वर्षांच्या नातवाने अग्निबाण मागितले. धाकटीने वाघ मागितला आणि कायदा मोडून समुद्रही मागितला. आमच्या सौ.ना पद्मनाभाचे दर्शन हवे होते. चिरंजीवांनी सकाळी उशिरापर्यंत झोप मागितली. मी रविवर्मा लिहून घेतला. सूनबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “कोणी आजारी पडायचं नाही. माझं एवढंच लिहा.” मी लिहिले. खर्चाच्या रकान्यात शून्य मांडले आणि चौकोन काढला.

त्यानंतर खोडण्याचे काम. कन्याकुमारी सुमारे नव्वद किलोमीटर. इतक्या जवळ जाऊन भारताचे टोक पाहायचे नाही? खोडले. पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा, येऊन-जाऊन अख्खा दिवस. खोडला. पोन्मुडीचा घाट, वळणावळणाचा, धाकटीला गाडी लागते. खोडला. रविवर्म्याचे जन्मगाव किळिमानूर. इथे माझी लेखणी अडली. सूनबाईने काही सुचवले नाही. तेही मीच खोडले. सहा दिवसांच्या पानावर शेवटी रोज दोनच ओळी उरल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. मधला दुपारचा रकाना रिकामा. हिशेबाच्या माणसाला तो रिकामा रकाना किती टोचतो, हे ज्याचे त्यालाच कळेल.

ज्यांना मुलांसह तिकडे जायचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. गुजरातेतून कोकण रेल्वेने थेट केरळात उतरणाऱ्या गाड्या आहेत, पण त्या आठवड्यातल्या ठरावीक दिवशी. आरक्षण आता साठ दिवस आधी मिळते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती, त्या जुन्या सवयीवर विसंबू नये. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. ते द्यावे, दीड दिवसाच्या प्रवासात मांडीवरचे मूल सर्वांची झोप घालवते. काही गाड्या मुख्य स्थानकावर न जाता कोचुवेलीला थांबतात. त्या स्थानकाचे नाव आता तिरुवनंतपुरम नॉर्थ असे झाले आहे. तिकिटावर नीट पाहावे. खोली संग्रहालयाच्या बाजूला घ्यावी, म्हणजे प्राणिबाग आणि चित्रे पायी जाण्याच्या अंतरावर राहतात. आम्ही तळमजला मागितला, तो सौ.च्या गुडघ्यांसाठी, आणि खिडक्यांना जाळी आहे का हे विचारून घेतले, ते सर्वांसाठी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. तेव्हा मुलांचे कपडे सुती, सैल आणि पूर्ण बाह्यांचे. पावसानंतर साचलेल्या पाण्यात अनवाणी खेळू देऊ नये. उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टोचा ताप त्यातून येतो. तळ्यात डुंबण्याचा मोहही टाळावा.

औषधांच्या डब्यात क्षारसंजीवनीच्या पुड्या होत्याच. शिवाय घरचे प्रमाण सूनबाईने चोपडीच्या पहिल्या पानावर लिहिले. उकळून गार केलेले पाणी एक लिटर, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. त्याच्याखाली तिने रेघ ओढली. ती रेघ जरा जास्तच ठळक होती.

गाडी निघाली. रत्नागिरी रात्रीच्या अंधारात गेली. ज्या कोकणातून आमचे पूर्वज गायकवाडांच्या मागे गुजरातेत उतरले, ते मुलांना दाखवायला मी जागा राहिलो होतो. पण काचेत माझाच चेहरा दिसत होता. उठवले कोणालाही नाही. नव्या कायद्याचे ते पहिले पालन.

पोचलो त्या दिवशी चोपडीत एकच नोंद होती: ‘काही नाही.’ संध्याकाळी तंपानूरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये गेलो, एवढेच. लॉरी बेकर या वास्तुशिल्प्याने बांधलेली ती लाल विटांची इमारत शंखासारखी गोल वर चढत जाते. जमीनच चढती, भिंतीला जाळीसारखी भोके, आणि कडेने टेबले. पंखा नसतानाही वारा फिरतो. मुलांनी तो उतार तीनदा चढून उतरून पाहिला. आमच्या घरी हॉटेलातल्या पाण्याबद्दल फार धाक. पण त्या प्रांतात पुष्कळ ठिकाणी गरम, फिकट गुलाबी पाणी पुढे येते. पतंगाच्या झाडाचे लाकूड घालून ते उकळतात. तिकडे त्याला पतिमुखम म्हणतात. धाकटीने आधी ते सरबत समजून तोंडाला लावले आणि फसवणूक झाल्यासारखा चेहरा केला. तिसऱ्या दिवशी मात्र साधे पाणी तिला फिके वाटू लागले. मुलांच्या जेवणाची चिंता तर पहिल्याच सकाळी मिटली. इडिअप्पम म्हणजे आपल्या शेवया, पुट्टू म्हणजे नारळ घालून वाफवलेली तांदळाची भरड, आणि कांजी म्हणजे पेज. सौ. म्हणाल्या, “हे तर आजारी माणसाचं आणि कोकण्याचं जेवण. पोटाला बरं.” उरलेली कसर वाफवलेल्या नेंद्र केळ्यांनी आणि शहाळ्यांनी भरून काढली.

पद्मनाभाच्या दर्शनाला पहाटे निघालो. पुरुषांनी उघड्या अंगाने मुंडू नेसायचे, बायकांनी साडी. नातवाला उघड्या अंगाची लाज वाटत होती. आत शेकडो माणसे तशीच पाहून ती गेली आणि मुंडू सुटण्याची भीती तिच्या जागी आली. गाभाऱ्यात शेषावर पहुडलेली विष्णूची मूर्ती इतकी लांब की ती एका दाराने दिसत नाही. पहिल्या दारातून मुख, दुसऱ्यातून नाभिकमळ, तिसऱ्यातून चरण. त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्याने १७५० साली आपले सारे राज्य या देवाच्या चरणी अर्पण केले आणि पुढचे राजे ‘पद्मनाभदास’ म्हणून राज्य करू लागले. बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, “देव झोपलाय तरी सगळं गाव चालतं.” सूनबाईने माझ्याकडे पाहिले. रिकाम्या दुपारच्या बाजूने इतका भरभक्कम पुरावा माझ्याविरुद्ध पूर्वी कधी आला नव्हता.

देवळासमोरच्या पद्मतीर्थाजवळ एक जुने घड्याळ आहे, मेत्तन मणी. तबकडीच्या वर दाढीवाल्या माणसाचा मुखवटा. तास झाला की त्याचे तोंड उघडते आणि दोन बाजूंचे दोन बोकड त्याच्या गालांवर टक्कर देतात. माझ्या पूर्वीच्या चोपडीत हे घड्याळ नसतेच. त्याला पाहण्याची ‘वेळ’ कोणत्या रकान्यात लिहायची? आम्ही तिथे पुढच्या ठोक्याची वाट पाहत बराच वेळ बसलो. शेजारीच स्वाती तिरुनाळ महाराजांचा कुतिरमाळिका वाडा. त्याच्या वळचणीखाली लाकडात कोरलेले एकशेबावीस घोडे आहेत. बाहेरून दिसतील तेवढे नातवाने मोजले. आत जायचे माझ्या फार मनात होते. ऊन चढले होते. परतलो.

अग्निबाणांचा दिवस नातवाचा. शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी तुंबा हे कोळ्यांचे गाव. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तिथून अगदी जवळून जाते, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासासाठी ती जागा निवडली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून भारतातला पहिला अग्निबाण उडाला. बाण अमेरिकेहून आलेला, पण त्यामागची जिद्द आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या विक्रम साराभाईंची. काम सुरू झाले ते मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये. त्याच इमारतीत आता अंतराळ संग्रहालय आहे. जाण्याआधी चौकशी करावी आणि सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवावीत. अग्निबाणाचा भाग सायकलवर बांधून नेतानाचे छायाचित्र नातू किती तरी वेळ पाहत राहिला. “आजोबा, सायकलवरून?” मी म्हटले, “हो, आणि घाई न करता.” शेवटचे तीन शब्द मी स्वतःलाच ऐकवले असावेत. संध्याकाळी शंखुमुखमच्या किनाऱ्यावर कानायी कुञ्ञिरामन यांनी घडवलेली प्रचंड जलकन्या पाहिली. समुद्र तिथे खवळलेला असतो. वाळूत खेळलो, पाण्यात कोणी उतरले नाही. देवाची स्वारी वर्षातून दोनदा समुद्रस्नानाला तिथे येते आणि तिच्या वाटेत विमानतळाची धावपट्टी येते. त्या वेळी विमाने थांबवतात, हे ऐकून अग्निबाणवाल्याला देवाबद्दल एकदम आदर वाटू लागला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पाचव्या दिवशी सकाळी प्राणिबाग, दुपारी विश्रांती, आणि तीन वाजता रविवर्मा, अशी एक सवलत मी सूनबाईकडून मिळवली होती. दालने पाचच्या आधीच बंद होतात, म्हणून. प्राणिबाग १८५७ सालची, जुन्या झाडांच्या गर्द सावलीची. तिथला चढउतार धाकटीने वाघाच्या आशेवर पार केला. वाघ दिसला. पाठमोरा, पण दिसला. जेवून दोनला ती झोपली. अडीचला ढग गडगडले आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस सुरू झाला. तीनला तो थोडा ओसरला. मी सदरा बदलून, छत्री घेऊन दाराशी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. ज्या चित्रांसाठी मी हे शहर निवडले, ती दोन हाकांच्या अंतरावर होती.

सूनबाईने पुस्तकातून मान वर केली. “उठवू का हिला, बाबा?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरोखरच विचारत होती. धाकटी पालथी झोपली होती. एक पाय पलंगाबाहेर, तळव्याला अजून प्राणिबागेतली लाल माती.

मी म्हटले, “नको.” आणि व्हरांड्यात जाऊन बसलो.

पागोळ्या गळत होत्या. तिथे बसल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी चाळीस वर्षे चोपडी लिहूनही आली नव्हती. चेन्नईच्या त्या सात ओळी मुलांसाठी नव्हत्या. ‘मुलांना सगळं दाखवलं पाहिजे’ असे मी म्हणत असे. पण मुलांना कसली घाई? त्यांच्यापुढे सारे आयुष्य आहे. घाई माझी होती. मी बहात्तर वर्षांचा. पुन्हा येणे होईल, असे मला आता कोणत्याही गावाबद्दल म्हणता येत नाही. माझ्या उरलेल्या वर्षांचे ओझे मी एका पाच वर्षांच्या पोरीच्या पायांवर टाकले होते आणि ती पायरीवर बसली तेव्हा मला आश्चर्य वाटले होते!

सूनबाई चहा घेऊन बाहेर आली. मी तिला म्हटले, “त्या दिवशी चूक माझी होती.” दोन वर्षांनी. ती थोडा वेळ पावसाकडे पाहत राहिली. “मलाही ओरडायला हवं होतं तेव्हाच,” ती म्हणाली. “तिचे पाय ओढताना मला दिसत होते. मी तुम्हाला भिऊन बोलले नाही. त्याचाच राग जास्त होता.” चहा गार होईपर्यंत आम्ही दोघेही तिथेच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दालन उघडताच गेलो. श्रीचित्रा कलादालन १९३५ सालचे; त्याच आवारात रविवर्म्याच्या चित्रांसाठी २०२३ साली वेगळे दालन झाले आहे. सोमवारी हे सारे बंद असते, हे लक्षात ठेवावे. हंस आणि दमयंतीसमोर सौ. थबकल्या आणि त्या साडीकडे पाहून म्हणाल्या, “ही आपल्याकडचीच!” पुढे शकुंतला होती. सखीच्या खांद्यावर हात टेकून, पाय मागे उचलून, पायातला काटा काढण्याच्या मिषाने दुष्यंताकडे वळून पाहणारी. काटा खोटा आहे हे कालिदासाला ठाऊक, रविवर्म्याला ठाऊक, आणि मी ती कथा सांगायला तोंड उघडणार, तोच धाकटी म्हणाली, “आजोबा, हिचे पाय दुखताहेत. हिला जरा बसू द्यायला हवं होतं.”

मी म्हटले, “हो गं. हवं होतं.” दुष्यंताची गोष्ट सांगितली नाही. ती तिला केव्हा तरी कळेलच.

संध्याकाळी सामान बांधताना चोपडी चाळली. कुतिरमाळिका राहिली, कोवळमचा दीपस्तंभ राहिला, कन्याकुमारी, किळिमानूर राहिले. रिकामे चौकोन पुष्कळ. सूनबाईने पान माझ्या हातून घेतले, आपल्या एका ओळीसमोर, त्या शून्य खर्चाच्या, खूण केली आणि वही परत दिली. उरलेल्या ओळी मी खोडल्या नाहीत. त्या मुलांच्या नावे शिल्लक ओढल्या आहेत. त्यांनी सवडीने वसूल कराव्यात.

स्थानकाकडे जाताना सचिवालयासमोर टॅक्सी क्षणभर थांबवली. तिथे सर टी. माधवरावांचा पुतळा आहे. त्या चौकालाच लोक ‘स्टॅच्यू’ म्हणतात. समोरची सचिवालयाची इमारत त्यांच्याच कारकिर्दीतली, १८६९ सालची. मी काचेतूनच हात जोडले.

“हे कोण?” धाकटीने विचारले.

“हे आधी इथे दिवाण होते. मग आपल्या बडोद्याला आले.”

“एवढ्या लांब? एका दमात?”

“नाही. वाटेत इंदूरला थांबले.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

तिने थोडा विचार केला, पुतळ्याकडे एकदा नीट पाहून घेतले आणि म्हणाली, “मग दमले नसतील.”